फर्मेंटरमध्ये (मळी आंबवायच्या टाकीत) माणूस उतरवायचाय, मीटरचा अलार्म वाजत नाही. चालेल का?

कराडचा_प्लँटवाला
गाळप संपलं, डिस्टिलरीचा एक फर्मेंटर आतून घासायचाय. व्यास ४ मीटर, उंची ५ मीटर, तळाला वीतभर यीस्टचा गाळ. बाकीचे फर्मेंटर चालू आहेत. वरचं आणि खालचं मॅनहोल कालपासून उघडं. ठेकेदाराने चार गॅसचा मीटर तळाशी सोडला: ऑक्सिजन १९.९ टक्के, बाकी तिन्ही (ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड) शून्य. तो म्हणतो माणसं घालू. घालायची का?

सेफ्टी_सांगली
अजिबात नको. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.९ झाला म्हणजे आतल्या हवेत साधारण ५ टक्के दुसरा वायू घुसलाय, आणि फर्मेंटरमध्ये तो कार्बन डायऑक्साइडच. ५ टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). ४०,००० लाच जिवाला तात्काळ धोका धरतात. चार गॅसच्या मीटरमध्ये या वायूचा सेन्सरच नसतो. ऑक्सिजनचा अलार्म १९.५ ला वाजतो, तोवर आत जवळपास ७ टक्के झालेला असतो. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर असलेला मीटर मागवा, तोवर कुणी डोकंसुद्धा आत घालायचं नाही.

आणि हा वायू हवेच्या दीडपट जड. खालच्या मॅनहोलमधून वाहून शेजारच्या पंपाच्या खड्ड्यात साठतो. तिथेही मीटर लावा.

वाळवा_मेंटेनन्स
बाकीचे चालू आहेत ना? मग सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) लाइन सामाईक असेल तर कितीही हवा मारा, वायू परत येणार. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, तो आतून गळतो. फ्लँज (पाइपचा जोड) सोडून ब्लँक (बंद चकती) टाका. वॉश (आंबवलेला द्रव), वाफ, सीआयपी (टाकी जागेवरच धुण्याची), सगळ्या लाइन्सना तसंच. ढवळणीच्या मोटरला कुलूप, किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात.

टाकी ६३ घनमीटर. तासाला २० वेळा हवा बदलायची तर सुमारे १,२६० घनमीटर, म्हणजे डक्टच्या (हवेच्या नळीच्या) तोंडाशी खरोखर ७५० सीएफएम (मिनिटाला घनफूट) मिळायला हवेत. डक्ट वरून तळापर्यंत न्या. वरच्या तोंडाशी ब्लोअर ठेवला तर वरचीच हवा फिरते. काम चालू असेतो ब्लोअर बंद नाही. गाळ हलला की अडकलेला वायू सुटतो.

तासगावकर
आमच्याकडे विहिरीत कंदील सोडून बघतात. विझला नाही की उतरायचं.

सेफ्टी_सांगली
दादा, तो सोडून द्या. ज्योत ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांच्या आसपास आला की विझते, ती विझेपर्यंत माणूस आधीच बेजार झालेला असतो. हायड्रोजन सल्फाइड माणूस मारण्याइतका असला तरी ज्योत जळतच राहते. मिथेन असेल तर स्फोट. आणि हवा 'ताजी' करायला वेल्डिंगचा ऑक्सिजन सोडू नका, २३.५ टक्क्यांच्या वर गेला की एका ठिणगीने कपडे पेटतात.

कराडचा_प्लँटवाला
आत कुणी पडला तर?

वाळवा_मेंटेनन्स
धावत आत जायचं नाही. बहुतेक वेळा दुसरा मृतदेह असाच तयार होतो. वरच्या मॅनहोलवर ट्रायपॉड आणि विंच, आतल्याच्या अंगावर फुल बॉडी हार्नेस, दोर आधीपासून जोडलेला, म्हणजे बाहेरूनच ओढता येतं. बाहेर एक माणूस फक्त त्याच्यासाठी, दुसरं काम नाही. श्वासाच्या हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन ४५० मिमीच्या मॅनहोलमधून माणूस जातो का, हे आधी रिकाम्या जागी करून बघा. दिवा २४ व्होल्टचाच. परमिटवर (आत जायच्या परवानगीच्या कागदावर) दर अर्ध्या तासाचं रीडिंग लिहा, जेवणाच्या सुट्टीनंतर नव्याने मोजून मगच परत आत.