मदत हवी आहे: ११८एनईच्या एसीसाठी खरा आर-१२ गॅस खान्देशात कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

आधी मुद्द्याचं लिहितो. अमळनेरला आमच्या घरी १९९२ ची प्रीमियर ११८एनई गाडी आहे. तिच्या एसीत आर-१२ हा जुना, आता बंद झालेला गॅस चालतो. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात किलोभर खरा आर-१२ कुणाकडे शिल्लक आहे का? नसेल तर १३४ए या नंतर आलेल्या गॅसवर बदल नीट करून देणारा, व्हॅक्यूम पंप (सिस्टिममधली हवा आणि ओल ओढून काढणारा) आणि गॅस तोलायचा काटा असलेला मिस्त्री कुणाला माहीत आहे का?

आता सविस्तर. गाडी अप्पांची. इंजिन अजून एका चावीत उठतं, रीपासिंगही झालेलं आहे, आणि घरात दुसरी चारचाकी नाही. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला धुळ्याला न्यावं लागतं. सकाळी जाताना काही वाटत नाही. परतताना दुपारचा दीड वाजतो, आणि खान्देशातला मे महिना मी तुम्हाला वेगळा सांगायला नको. खिडकी उघडली की झळा, लावली की भट्टी. डायलिसिसनंतर तिचं बीपी आधीच उतरलेलं असतं, त्यात पाणी मोजून प्यायचं. मागच्या शनिवारी पारोळ्याच्या अलीकडे गाडी लिंबाखाली उभी केली, पंचा ओला करून तिच्या मानेवर ठेवला आणि अर्धा तास तसेच बसलो. त्यामुळे "जुन्या गाडीला एसी कशाला" असं कृपया कुणी लिहू नका.

गॅस संपला तो गेल्या वर्षी, हळूहळू. एका गॅरेजवाल्याने (नाव लिहीत नाही) "जुना गॅस आहे माझ्याकडे" म्हणून बिनलेबलच्या सिलिंडरमधून भरून दिला. काटा नाही, व्हॅक्यूम नाही, अंदाजाने. दोन आठवडे बरं गार झालं. मग कॉम्प्रेसर खडखडायला लागला. परवा लो साइडच्या (कमी दाबाच्या बाजूच्या) व्हॉल्व्हची पिन जराशी दाबून बघितली, तर काळपट तेलाचा थेंब आला आणि वास थेट शेगडीच्या गॅससारखा. आर-१२ ला असा वास नसतो एवढं मला कळतं. तेव्हापासून एसीचा पट्टा काढून ठेवला आहे.

शोधाशोध भरपूर केली. जळगावात फ्रिज दुरुस्त करणारे जुने लोक गाठले. एका आजोबांनी हेलाईड टॉर्च काढून दाखवली, पितळी, नळी तडकलेली. त्या ज्योतीचा रंग हिरवा झाला की लीक सापडला, असा तो जमाना. टॉर्च आहे, गॅस नाही. "आते कोठे भेटस भाऊ हाई गॅस," म्हणाले. रावेर-सावद्याला केळी पिकवायच्या चेंबरचं काम करणाऱ्या एकाने "आर-२२ टाकून देतो, गार होण्याशी मतलब" म्हटलं. मी हात जोडले. ६० अंशांना आर-१२ चा दाब १५ बारच्या आसपास असतो, आर-२२ चा २४ च्या वर जातो. तेहतीस वर्षांचे पाइप ते कसे झेलतील?

अमेरिकेतल्या भाच्यालाही विचारलं. तिकडे नवीन उत्पादन १९९५ अखेर थांबलं, उरलेला साठा मिळतो, पण विकत घ्यायलासुद्धा परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय विमानाच्या सामानात गॅसची बाटली चालत नाही, आणि आपल्याकडे हा गॅस आयात करायला परवाना लागतो. तो रस्ता मी बंद केला. हा गॅस बंद का झाला तेही मला पूर्ण पटलेलं आहे. ओझोनचा थर खाणारी वस्तू आहे, आपल्याकडे २००८ मध्येच उत्पादन थांबवलं, ते योग्यच झालं. मला तो हवेत सोडायचा नाही. घट्ट सिस्टिममध्ये एकदा भरून वर्षानुवर्षं चालवायचा आहे.

अडचण आणखी एक. बॉनेटखालच्या स्टिकरवर 'आर-१२' एवढंच वाचता येतं, वजनाचा आकडा उडाला, म्हणजे किती गॅस भरायचा तेही नक्की नाही. कॉम्प्रेसर सँडेन कंपनीचा, पाच पिस्टनचा आहे.

प्रतिसाद, जळगावहून

दादा, मी सव्वीस वर्षं गाड्यांच्या एसीचं काम केलं, आता बंद केलंय. सगळ्यात आधी: तुमच्या सिस्टिममध्ये बहुतेक हायड्रोकार्बन आहे, म्हणजे पेट घेणारा गॅस. त्या आजोबांची टॉर्च किंवा कुठलीही ज्योत गाडीजवळ नेऊ नका. आणि गाडी ज्याच्याकडे न्याल त्याला हात लावण्याआधी हे सांगा, नाहीतर तो आपल्या मशीनमध्ये ओढून घेईल आणि त्याचा चांगला गॅसही नासेल.

खऱ्या आर-१२ चं म्हणाल, तर सिलिंडर पांढरा आहे म्हणून विश्वास ठेवू नका. रंग कुणीही मारतो. रात्रभर सावलीत ठेवून सकाळी दाबाचं गेज लावा. ३० अंशांना आर-१२ साधारण ९३ पीएसआय दाखवतो, आर-२२ १५८ च्या आसपास. पण १३४ए ९७ दाखवतो आणि काही मिश्रणंही तिथेच बसतात. म्हणजे आकडा चुकला तर माल खोटा हे नक्की, जुळला तर खरा असं नाही. ओळखायचं मशीन असेल तरच घ्या. माझा सल्ला विचाराल तर नाद सोडा, १३४ए करा.

प्रतिसाद, चाळीसगावहून

माझ्या कॉन्टेसा गाडीच्या एसीचं १३४ए केलं, चार उन्हाळे झाले. घाई केली नाही म्हणून टिकलं. कॉम्प्रेसर खाली उतरवून जुनं मिनरल तेल पूर्ण निथळवलं. ते तेल १३४ए सोबत फिरत नाही, कॉइलमध्ये बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. एस्टर तेल घातलं. काहीजण पॅग नावाचं दुसरं तेल घालतात, पण जुन्या गॅसचा अंश उरला असेल तर एस्टर बरं. सगळे ओ-रिंग (जोडातल्या रबरी रिंगा) हिरवे, १३४ए ला चालणारे घातले, ड्रायर (ओल शोषणारी बाटली) नवा. नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने जोड तपासले, मग तासभर व्हॅक्यूम. गॅस मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्केच.

फरक पडतो तो सिग्नलला उभं राहिल्यावर. रस्त्यावर मस्त, उभ्या गाडीत कोमट. ४५ डिग्रीत १३४ए चा दाब आर-१२ पेक्षा वर जातो आणि जुना कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) पुरत नाही. मी पॅरलल फ्लो कंडेन्सर (उष्णता जास्त चांगली टाकणारा नवा प्रकार) आणि पुढे जादा पंखा बसवला, तेव्हा प्रश्न मिटला. पंख्याशिवाय करू नका, विशेषतः आई बसणार असतील तर.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आगीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल रात्रीच गाडी देवघराच्या भिंतीजवळून काढून अंगणात लावली.

अप्पांशी बोललो. त्यांना वाटत होतं, गॅस बदलला म्हणजे गाडीचं मूळपण गेलं. मी म्हटलं, जुना कंडेन्सर आणि ड्रायर गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवू, काही फेकायचं नाही. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या आईला गार वारं लागू दे, मग मूळपणाचं बघू."

तर आर-१२ चा शोध थांबवतो, १३४ए नक्की. होजची (गॅसच्या नळ्यांची) चौकशी केली: जुने रबरी होज तेल पिऊन आतून बऱ्यापैकी घट्ट झालेले असतात, पण १३४ए चा रेणू लहान, झिरपतोच. तेव्हा होजही बॅरिअरचे, म्हणजे आत झिरपणं रोखणारा थर असलेले घालणार. भरायची तोंडंसुद्धा १३४ए ची बसवून वर लेबल लावणार, म्हणजे उद्या कुणी भलताच गॅस भरणार नाही.

आता दोनच गोष्टी हव्या आहेत. धुळे किंवा पारोळ्याच्या बाजूला नायट्रोजन आणि काटा दोन्ही असलेला मिस्त्री, ज्याला आतला ज्वलनशील गॅस सुरक्षितपणे काढता येतो. आणि ११८एनईत पॅरलल फ्लो कंडेन्सर कुणी बसवला असेल तर त्याचं माप. आमच्या ग्रिलमागे मोजून २२ इंच रुंदी आणि १४ इंच उंची मिळते, रेडिएटरपासून अंतर दीड इंच. यात पंखा पुढून बसेल का, तेवढं सांगा.