अनुभव धागा: संगीतकार, दिग्दर्शक आणि मधली ती खोली

गेल्या आठवड्यात रात्री एक वाजता, झोप येईना म्हणून, एक जुना व्हिडिओ पुन्हा पाहिला. कितव्यांदा ते विचारू नका. दिग्दर्शक डेव्हिड लिंचचे संगीतकार अँजेलो बदालामेंती इलेक्ट्रिक पियानोपुढे बसलेत आणि 'ट्विन पीक्स' या १९९० च्या मालिकेतली लॉरा पामरची धून कशी झाली ते सांगतायत. लिंच शेजारी येऊन बसला आणि बोलायला लागला: आपण एका काळोख्या जंगलात आहोत, मंद वारा आहे, चंद्र आहे, कुठेतरी घुबड बोलतंय. बदालामेंती सांगता सांगता वाजवतात. खर्जातले दोन-तीन सूर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. लिंच म्हणतो, हळू, अजून हळू. मग म्हणतो, झाडामागून एक एकटी मुलगी येतेय. आणि बदालामेंतींचा उजवा हात वर सरकायला लागतो. मुलगी जवळ येते तशी धून चढते, फुटते, आणि मुलगी परत जंगलात जाते तशी उतरते. लिंच उठतो, मिठी मारतो. बदालामेंती म्हणतात, घरी जाऊन यावर काम करतो. लिंच म्हणतो, काही करू नकोस, एक सूरही बदलू नकोस.

पूर्ण गोष्टीत लिंच एकदाही 'मायनर' म्हणत नाही, 'ताल' म्हणत नाही. तो फक्त हवामान सांगतो.

तेव्हापासून डोक्यात आहे की दिग्दर्शकाला बहुतेक वेळा संगीताची भाषा येत नसते आणि संगीतकाराला तेवढ्यावरच काम काढायचं असतं. तर तुम्ही असं काय पाहिलंय? पडद्यामागचं चित्रीकरण असेल तर ते सांगा. स्वतः त्या खोलीत बसला असाल तर फारच छान. नाटक, लघुपट, जाहिरात, लग्नाचा व्हिडिओ, सगळं चालेल. फक्त ऐकीव भांडणं नकोत.

*

पुणे, लघुपट करतो

मी सुरुवात करतो, कारण माझा अपराध ताजा आहे. तेवीस मिनिटांचा लघुपट, वडील आणि मुलगा, एक बंद पडलेली पिठाची गिरणी. संकलन करताना मी खाली 'इंटरस्टेलर' सिनेमातला ऑर्गन लावून ठेवला होता. टेम्प ट्रॅक म्हणतात त्याला: तात्पुरतं उसनं संगीत, कट बसवायला. दोन महिने तेच ऐकत संकलन केलं. मग संगीत करणाऱ्या मित्राला फाइल पाठवली, खाली ऑर्गन तसाच. त्याने चार वेगवेगळ्या गोष्टी करून पाठवल्या. मला एकही आवडेना. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "छान आहे, पण ते नाहीये." 'ते' म्हणजे काय हे त्यालाही कळत होतं आणि मलाही, आम्ही दोघं बोलत नव्हतो इतकंच.

मग त्याचा संगीतकार हान्स झिमरची एक मुलाखत पाहिली. दिग्दर्शक नोलनने त्याला सिनेमाची गोष्ट सांगितलीच नव्हती. अवकाशाचा सिनेमा आहे हेही नाही. एक पानभर मजकूर दिला, बाप आणि मूल या नात्याबद्दल, आणि म्हणाला, एका दिवसात काय सुचतं ते कर. झिमरने आपल्या मुलाचा विचार करून एक साधी धून केली. पुढे ऑर्गन आला तो लंडनच्या टेंपल चर्चमधला. म्हणजे मी जे चोरत होतो ते मुळात एका पानावरून निघालं होतं!

मी पण पान लिहिलं. हाताने. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज, वडिलांच्या भुवयांवरचं पीठ, वगैरे. मित्राला दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज: "ही चिठ्ठी मला आहे की तुझ्या वडिलांना?" पण आठवड्याने जे आलं ते बसलं. शेवटी त्याने ऑर्गनच वापरला होता, अगदी बारीक, श्वास घेतल्यासारखा. थोडक्यात, मीच बरोबर होतो.

*

सांगली, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते

आमच्या धंद्यात आधी गाणं टाइमलाइनवर पडतं आणि मग चित्र. अंतरपाट खाली येतो तो बरोबर ठेक्यावर, सात फेरे तीनात उरकतात कारण अंतरा संपतो. माझा भाचा सिनेमाचं शिकतो. तो म्हणाला, मावशी हे उलटं आहे, चित्र राजा असतं. मी काही बोलले नाही. पोट भरत होतं.

मग 'ई.टी.'बद्दलची एक फीत पाहण्यात आली. दिग्दर्शक स्पीलबर्ग आणि संगीतकार जॉन विल्यम्स. १९८२ चा सिनेमा. शेवटचा मोठा प्रसंग: सायकली, पाठलाग, निरोप. इतका लांब तुकडा, त्यात पन्नास ठिकाणी सूर चित्राला टेकायला हवा. विल्यम्सला ते हवं तसं जमेना. कारण चित्राच्या मागे धावताना वाद्यवृंदाचा दम तुटतो. तेव्हा स्पीलबर्गने काय केलं, तर पडद्यावरचा सिनेमाच बंद केला. म्हणाला, मैफलीत वाजवता तसं वाजवा. आणि नंतर त्या ध्वनिमुद्रणाप्रमाणे चित्र पुन्हा कापलं.

भाच्याला लिंक पाठवली. खाली काही लिहिलं नाही. त्याने अंगठा पाठवला.

*

न्यू जर्सी, पूर्वी दादर

सांगलीच्या ताईंनी जे सांगितलं त्याची दुसरी बाजू मी डोळ्यांनी पाहिली आहे. इकडे मोठ्या सभागृहांत सिनेमा पडद्यावर दाखवतात आणि संगीत समोर वाद्यवृंद वाजवतो. मला योगायोगाने वाद्यवृंदाच्या मागची जागा मिळाली, म्हणजे तोंड कंडक्टरकडे. त्याच्यापुढे छोटा पडदा. त्यावर सिनेमा चालू, आणि अधूनमधून एक उभी रंगीत रेघ डावीकडून उजवीकडे सरकत जाते. रेघ टोकाला पोचली की पांढरा ठिपका लखकन चमकतो. तो क्षण म्हणजे सम. रेघ दिसली की कंडक्टरला कळतं, येतेय, सांभाळ, थोडं ओढ, थोडं सोड. कानात लय सांगणारी क्लिकची टिकटिक असते तेव्हा असं ओढता-सोडता येत नाही. मी बारा वर्षं तबला शिकलोय. सिनेमाकडे माझं लक्षच नव्हतं, मी त्या रेघेबरोबर सम गाठत बसलो. बायकोने दोनदा मांडीवरचा हात दाबून धरला.

*

गिरगाव

माझ्याकडे चित्रीकरण नाही. नसण्याचीच गोष्ट आहे.

आमच्या लहानपणी धोबी तलावला, गोव्याच्या मंडळींच्या 'कुडां'पैकी, म्हणजे गाववार राहण्याच्या जागांपैकी, एकात, एक अंकल राहायचे. व्हायोलिनवाले. माझ्या काकांचे मित्र, म्हणून गणपतीत घरी यायचे, मोदक खायचे आणि आरती नोटेशनमध्ये लिहून दाखवायचे. आम्हाला ती जादू वाटायची. 'सुखकर्ता' पाच रेघांवर! ते हिंदी सिनेमांचं पार्श्वसंगीत वाजवायचे. त्यांच्या भाषेत 'बॅकग्राउंड'. सांगायचे, समोर पडद्यावर रीळ लागायचं, तोच तुकडा पुन्हापुन्हा. म्युझिक डायरेक्टर पेटीवर किंवा नुसतं गुणगुणून काहीतरी सांगायचा, अरेंजर तिथल्या तिथे कागदावर उतरवायचा, आणि डायरेक्टर काचेमागून म्हणायचा, "हिरोईनच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." अंकल म्हणायचे, "कोणाच्या डोळ्यांत? तिच्या तर ग्लिसरीन आहे."

लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात त्यांचं नाव आहे, म्हणून ते सगळ्यांच्या तोंडी तरी आहे. अरेंजर सेबॅस्टियन डिसोझांचं नाव संगीतवाले घेतात. बाकी खुर्च्यांवर बसलेली माणसं कुठे आहेत? विदेशी संगीतकारांची तासच्या तास फीत निघते आणि आपल्याकडे ताडदेवच्या फिल्म सेंटरमधल्या अंकलचा एक फोटो आहे. त्यातही चेहऱ्यापुढे मायक्रोफोनचा दांडा. खोलीत कॅमेरा आणायचं कोणाला सुचलं नसेल, किंवा परवडलं नसेल. मला राग येतो, पण नक्की कोणावर ते सांगता येत नाही.

*

मुंबई, ढोलकी आणि ऑक्टोपॅड

मी थोडा विरजण टाकतो. मेकिंगचे व्हिडिओ मला बघवत नाहीत. सगळे हसतायत, सगळे डोळे मिटून माना डोलावतायत, कोणीतरी "मॅजिक" म्हणतंय. खरी सिटिंग अशी असते: तीन तास चहा, त्यात दीड तास तिसऱ्याच सिनेमाची निंदा, निर्मात्याचे चार फोन, मग शेवटच्या पंधरा मिनिटांत काम. कॅमेरा चालू झाला की ती पंधरा मिनिटंही खोटी होतात. आणि धागा काढणाऱ्यांचा तो लाडका व्हिडिओ? तोही प्रसंगाचा नाही, आठवणीचा आहे. लिंच त्यात कुठे दिसतो?

*

(धागा काढणारी)

बरोबर आहे. लिंच नाही. मी पुन्हा पाहिला. बदालामेंती उजवीकडे बोट करून सांगतात, तो इथे बसला होता, आणि तिथे कोणी नसतं. मला वाटतं म्हणूनच तो चांगला आहे, पण तुमचं खोडता येत नाही. दीड तास निंदा कोणत्या सिनेमाची ते मात्र सांगू नका.

*

सोलापूर

'सैराट'च्या सिंफनीच्या ध्वनिमुद्रणाचा व्हिडिओ कोणी अजून कसा काढला नाही? २०१६ मध्ये आमच्याकडे तो प्रत्येक मोबाइलमध्ये होता. हॉलिवूडच्या सोनीच्या स्टुडिओत गोरे वादक कागद पाहून वाजवतायत. करमाळा कुठे आहे हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. आणि आम्हाला ऐकू काय येतंय, तर उसाच्या फडातून पळणारी दोन पोरं. माझे वडील बँडवाले, क्लॅरिनेट वाजवायचे, वरातीत. त्यांनी तो व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला. का, विचारलं तर म्हणाले, "बोटं बघतोय."

*

मुंबई, ध्वनिमुद्रक

ढोलकीवाल्या दादांशी सहमत, तरी एक सांगतो.

एका मराठी सिनेमाचं पार्श्वसंगीत मिक्स होत होतं. नाव नको. स्त्री अंगणात उभी, नवरा कायमचा गेलाय, सव्वा मिनिट काही घडत नाही. संगीतकाराने सारंगी, खाली तानपुरा आणि मागे हलका तबला ठेवला होता. दिग्दर्शिका ऐकून म्हणाली, "पाऊस पडून गेल्यासारखं हवं. पाऊस नको." खोलीत शांतता. मी हसू दाबलं. संगीतकार ज्येष्ठ, त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, तबला काढा. काढला. ती म्हणाली, अजून पाऊस आहे. तानपुरा काढा. आता उघडी सारंगी. ती म्हणाली, आता थांबला, पण जमीन ओली नाहीये. मग त्यांनी मला सांगितलं, सारंगी पण काढ, फक्त तिची रिव्हर्ब ठेव. म्हणजे मूळ सूर बंद आणि त्याची घुमणारी सावली तेवढी चालू. ते वाजलं आणि ती काही बोललीच नाही, पर्स घेऊन बाहेर गेली. आम्हाला वाटलं चिडली. नंतर कळलं, रडायला गेली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी जपानी संगीतकार र्‍युइची साकामोतोवरचा २०१७ चा 'कोडा' हा माहितीपट पाहिला. त्यात हा माणूस पावसात डोक्यावर बादली घालून उभा राहतो, थेंबांचा आवाज ऐकायला. मला आमचं अंगण आठवलं. त्यातच तो दिग्दर्शक बर्तोलुचीचा किस्सा सांगतो, 'द शेल्टरिंग स्काय' या सिनेमाच्या वेळचा. वादक समोर बसलेत, ध्वनिमुद्रण सुरू व्हायचंय, आणि बर्तोलुची म्हणतो, सुरुवात आवडली नाही, आत्ता बदल. साकामोतो म्हणतो, अशक्य. बर्तोलुची दुसऱ्या संगीतकाराचं नाव घेतो: एन्नीओ मोरिकोने तर करतो बुवा. झालं! अर्ध्या तासात नवी सुरुवात लिहून तयार. आमच्याकडे हेच वाक्य वेगवेगळी नावं घालून मी निदान वीस वेळा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी काम झालंय. संगीतकाराला नोटेशन नसेल येत एकवेळ, पण त्याला प्रतिस्पर्ध्याचं नाव ऐकू येतंच.

*

नाशिक, शाळेत संगीत शिकवते

एकांकिका स्पर्धेत मी पेटीवर. दिग्दर्शक वीस वर्षांचा. तालमीत म्हणाला, मॅडम इथे काहीतरी दुःखी वाजवा. वाजवलं. म्हणाला, एवढं नको. कमी केलं. म्हणाला, अजून कमी. शेवटी मी नुसता भाता हलवला, सूर न दाबता. म्हणाला, हेच! बक्षीस मिळालं. परीक्षकांनी पार्श्वसंगीताचं कौतुक केलं, मी व्यासपीठावर गेले.

*

पुणे, संगीत करतो

पहिल्या प्रतिसादातला तो मित्र मी.

चार गोष्टी पाठवल्या होत्या असं तू लिहिलंस, त्या सात होत्या. तीन तू उघडल्याच नाहीस, त्यातली एक अजूनही सगळ्यात चांगली आहे. चिठ्ठी चांगली होती. माझ्याकडे आहे, गिरणीच्या पट्ट्याचं वाक्य मी अधूनमधून वाचतो. वडिलांना दाखव असं मी तेव्हा म्हणालो होतो, तू दाखवली नाहीस बहुतेक.

आणि शेवटी वाजतोय तो ऑर्गन नाही. आजीची पेटी आहे, खर्जाच्या दोन पट्ट्या, माइक भात्याला चिकटवलेला, वेग निम्मा केलेला. नाशिकच्या मॅडमचं वाचलं तेव्हा हसलो. श्वास घेतल्यासारखं वाटतं कारण तो भाताच आहे. तू पहिल्यांदा ऐकून "हाच ऑर्गन हवा होता" म्हणालास, तेव्हा मी गप्प बसलो, कारण सकाळी सहा वाजता फाइल द्यायची होती.