मदत हवी आहे: एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) टाकीला झाकणं बसवली, तरी वास पार्किंगमध्ये

बेसमेंटवाला:
१०० केएलडीचा (रोज एक लाख लिटर) एसटीपी, तळघरात. इक्वलायझेशन टाकी (येणारं सांडपाणी आधी साठवून एकसारखं करणारी) ५ × ४ मीटर, पाण्यावर ७० सेंमी मोकळी जागा. ब्लोअर ताशी ६० घनमीटर हवा सोडतो, एक्झॉस्ट ५० ओढतो. झाकणं एमएस (साधं लोखंड) चेकर्ड प्लेटची. वास उलट वाढलाय आणि प्लेटांच्या पोटाला गंजाचे पापुद्रे सुटतायत. रबर घालून फटी बुजवू का?

तुरटी:
नुसत्या रबराने भागणार नाही. ६० आत, ५० बाहेर. उरलेली १० फटींतूनच निघणार. टाकीत कायम ओढ हवी. मोकळी जागा १४ घनमीटर, ती तासाला १० वेळा बदलायची तर १४०, वर ब्लोअरचे ६०. म्हणजे एक्झॉस्टने ताशी २०० ओढायला हवी. हे वास शोषायला एक्झॉस्टवर लावायच्या कार्बनच्या थराचा रोध धरून. फॅनच्या पाटीवरचा आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. फटींतून हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत शिरावी, म्हणून सगळ्या फटी मिळून ७८० चौरस सेंमीच्या आत ठेवा. त्यासाठी ईपीडीएम (हवा-पाण्याला टिकणारं) रबर.

एमएस काढाच. हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्याच्या वासाचा वायू) ओल्या पृष्ठभागावर जिवाणूंमुळे सल्फ्युरिक आम्ल बनतो. वरचा स्लॅबही तेच आम्ल खातं, टोकरून बघा. व्हिनाइल एस्टर रेझिनची एफआरपी (फायबरची) झाकणं, एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) डक्ट. डक्टचा उतार टाकीकडे, नाहीतर पाणी साचून हवाच अडते.

बेसमेंटवाला:
कार्बन किती? आणि ओढ आहे की नाही, अगरबत्तीने बघू?

तुरटी:
अगरबत्ती अजिबात नको, आत मिथेन असू शकतो. टिश्यू पेपरची पट्टी फटीशी धरा, आत ओढली गेली की झालं. फॅनही फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरच्या वायूला पेटवू न देणारा) हवा.

२००ला ५५ सेंमी व्यासाचं पात्र, ६० सेंमी थर. अंदाजे ७० किलो, अल्कली लावलेला कार्बन. आधी थेंब अडवणारी जाळी, मग कार्बन, आणि फॅन कार्बननंतर.

घाटपाणी:
त्याआधी डिफ्युझर (ब्लोअरची हवा पाण्यात बुडबुड्यांनी सोडणारे) बघा. एका कोपऱ्यात बुडबुडे नसतील तर तिथे गाळ कुजतोय, आणि कार्बन लवकर संपेल. ब्लोअर रात्री बंद ठेवत असाल तर तेही थांबवा. झाकण उघडून कोणी आत उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १००) आसपास असला की नाक बधिर होतं, वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही.

कार्बनच्या थराच्या मध्यावर छोटा कॉक ठेवा. तिथे धरलेला ओला लेड ॲसिटेट कागद काळा पडला की नवा माल मागवा.