मानेतला स्टेंट: सत्तरीपुढे घालावा का?

खाडीकाठ:
मेंदूला रक्त नेणारी मानेतली (कॅरोटिड) धमनी अरुंद झाल्याचा डॉपलर सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबई-कोल्हापूर गाठणाऱ्याला ‘मान उघडून धमनी साफ करायची चिरफाड नको, जाळीची नळी म्हणजे स्टेंट घाला, विसरभोळेपणाही जाईल’ असं सांगणारे भेटतात. माझा याला विरोध आहे. दोन्ही उपायांची तुलना करणाऱ्या क्रेस्ट चाचणीत (२०१०, रुग्ण २,५०२) प्रक्रियेच्या काळातला पक्षाघात स्टेंटवाल्यांत ४.१ टक्के होता, शस्त्रक्रियावाल्यांत २.३. सत्तरीपुढे तर स्टेंट आणखी मागे पडला. उतारवयात हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची कमान वाकडी आणि चुन्याने कडक झालेली असते. सुटलेले कण अडवणारी छत्रीसारखी गाळणी अडथळ्याच्या पलीकडे नेऊन मगच उघडता येते. कमानीत कॅथेटर (बारीक नळी) फिरवताना सुटलेला कण तोवर मेंदूत पोचलेला असतो. आयसीएसएस या दुसऱ्या चाचणीच्या एमआरआय उपअभ्यासात स्टेंटनंतर निम्म्या रुग्णांच्या मेंदूत नवे ठिपके (रक्त न पोचल्याच्या खुणा) दिसले, शस्त्रक्रियेनंतर १७ टक्क्यांत. स्मरणशक्ती सुधारायला म्हणून हे करायचं?

सागरवेळ:
आकडे अर्धेच दिलेत. त्याच क्रेस्टमध्ये हार्ट अटॅक स्टेंटला १.१ टक्के, शस्त्रक्रियेला २.३. हृदय कमजोर असलेल्या किंवा मानेला रेडिएशन घेतलेल्या रुग्णाला तुम्ही टेबलावर झोपवणार का? आणि ठिपका म्हणजे विसरभोळेपणा नव्हे. बहुतेक ठिपक्यांची लक्षणंच नसतात. प्रक्रियेआधी मोका ही स्मरणशक्ती-आकलनाची चाचणी घेतलीच नसेल, तर नंतरच्या गुणांची तुलना कशाशी करणार? लगेच घेतली तर थकव्याने गुण घटतात, तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली तर सरावाने वाढतात. आधी एकदा, मग तीन महिन्यांनी वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर घ्या, तेव्हा बोलू. २०२५ च्या क्रेस्ट-२ मध्ये ७० टक्के किंवा जास्त अरुंद, पण लक्षणं नसलेल्या धमनीचे रुग्ण होते. पहिल्या ४४ दिवसांतला पक्षाघात वा मृत्यू, आणि पुढे चार वर्षांपर्यंत त्याच बाजूचा पक्षाघात, यांचं एकत्र प्रमाण नुसत्या औषधोपचारावर ६ टक्के, जोडीला स्टेंट असता २.८.

घाटवाट:
दोघंही टेबलापाशीच थांबलात. घरी परतल्यावरचं कोण बघणार? धमनी रुंद करणारा फुगा कॅरोटिडला दोन फाटे फुटतात तिथे दाबला की नाडी एकदम मंदावू शकते, मग ती वाढवायला ॲट्रोपिन द्यावं लागतं. बीपी एखाद-दोन दिवस खालीच राहतं, म्हणून बीपीच्या गोळ्या थांबवतात. रुग्ण आंबा घाट उतरून गावी येतो, बीपी परत चढतं आणि गोळ्या बंदच! इतके दिवस उपाशी राहिलेल्या मेंदूत रक्ताचा लोंढा शिरतो. स्टेंटच्याच बाजूचं डोकं ठणकतं, झटके येतात, कधी रक्तस्राव होतो. हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत घडतं. रोज दोनदा बीपी मोजायला हवं, आणि वरचा आकडा १४० च्या पुढे गेल्यास कोणाला फोन करायचा ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यायला हवं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या निदान चार आठवडे दोन्ही चालू ठेवायच्या. दात काढायचा म्हणून परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. पावसाळ्यात दरड कोसळते, गोळ्या दोन महिन्यांच्या घरात हव्यात.

खाडीकाठ:
बीपीचं पटलं, आणि कमजोर हृदयाचंही. पण क्रेस्ट-२ मधले स्टेंट घालणारे डॉक्टर पारखून घेतले होते, हे सागरवेळ विसरतात. तारीख घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: वर्षाला मानेचे स्टेंट किती घालता, आणि तीस दिवसांत पक्षाघात किती जणांना झाला? कमानीचा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) आधी बघितला नसेल, तर सही करू नका.

सागरवेळ:
हेच दोन प्रश्न सर्जनलाही विचारा.