चित्रं बघण्यात तास वाया जातो?

एकांनी लिहिलंय, चित्रांच्या पुस्तकात तास जातो नि पाढे मागे पडतात. पाढे हवेतच, पण आमच्या रावेर भागातल्या (जळगाव जिल्हा, केळीच्या बागांचा मुलूख) तिसरीच्या वर्गातलं सांगते. केळीच्या घडाचं चित्र उघडलं. "केळी किती?" एक पोरगी बोट ठेवून एकेक मोजत बसली. शेजारचा करवादला, "फण्या मोज ना! सहा फण्या, बारा-बारा. बहात्तर!" झाला गुणाकार. तेवढ्यात मागून आवाज, "मॅडम, चित्र चुकलंय. वरच्या फणीत जास्त केळी असतात, शेंड्याकडे कमी." घरी बाग आहे, त्याला कोण फसवणार! मग प्रत्येक फणीला त्यानेच आकडे दिले, सोळा, पंधरा, चौदा... आणि गुणाकार सोडून सगळे बेरजेला बसले.