बंद पडलेले कुंपण दिसत नाही: गूगल वनच्या व्हीपीएनबद्दल

धुऱ्यावरून (आर्वी तालुका, जि. वर्धा)

गूगलने ‘गूगल वन’ या साठवण जागेच्या सशुल्क योजनेसोबत दिले जाणारे व्हीपीएन (इंटरनेटवरील आपली ये-जा इतरांपासून झाकणारी सेवा) २० जून २०२४ रोजी बंद केले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याची घोषणा झाली तेव्हा ते अमेरिकेपुरते आणि केवळ दोन टेराबाइटच्या महागड्या योजनेसोबत होते. मार्च २०२३ मध्ये ते सर्व योजनांना जोडले गेले आणि त्यानंतर सव्वा वर्षात गुंडाळले गेले. लोक ते वापरत नव्हते, एवढेच कारण सांगण्यात आले. एप्रिलमध्ये ग्राहकांना गेलेल्या पत्रात ही बातमी छापील फोटो घरपोच पाठवण्याची मोफत सवलत बंद होत असल्याच्या सूचनेच्या शेजारी बसवलेली होती. माझा आक्षेप त्या शेजारापासूनच सुरू होतो.

भारतात ही सेवा कधीच मिळत नव्हती, तेव्हा आर्वीच्या माणसाने तिच्यासाठी का रडावे, असे कोणी विचारील. मी रडत नाही. पण जी गोष्ट संरक्षण म्हणून विकली जाते ती काढून घेण्याची रीत वेगळी असावी की नाही, एवढा प्रश्न मला चर्चेला ठेवायचा आहे.

आमच्या शेताला झटका मशीन, म्हणजे तारेतून विजेचा झटका देणारे कुंपण, आहे. रोही (नीलगाई) आणि रानडुकरे तुरीत शिरू नयेत म्हणून चारही बाजूंनी तार ओढलेली आहे, सौर पट्टीवर बॅटरी चालते आणि मशीन टिकटिक करत राहते. दोन वर्षांपूर्वी पावसाच्या झडीत बॅटरी उतरली. तार तशीच ताणलेली होती, खांब तसेच उभे होते, लाल कापडाच्या चिंध्या तशाच फडफडत होत्या. फक्त टिकटिक थांबली होती आणि पावसाच्या आवाजात ती थांबल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. चौथ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) आठ ओळी लोळवलेल्या होत्या.

व्हीपीएनचे तसेच आहे. आपल्या फोनपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक कूटबद्ध वाट तयार होते, त्यामुळे सिमकार्ड देणारी कंपनी किंवा बसस्थानकावरील वाय-फाय चालवणारा माणूस आपण कुठे जातो हे पाहू शकत नाही. ती वाट बंद झाली तरी पाने उघडतात, व्हिडिओ चालतो, पैसे जातात, उलट सारे थोडे वेगाने चालते. मेल बंद पडला तर तासाभरात बोंब होते. व्हीपीएन बंद पडल्याची बोंब होतच नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत (कंपनीचे नाव घेत नाही, ती वेगळी होती) विषाणूरोधक पॅकेजसोबत मिळालेले व्हीपीएन कंपनीने थांबवले आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातील ढालीचे चिन्ह चार महिने तसेच राहिले. मी गावात बसून पुण्यातील एका संस्थेचे हिशेब पाहतो. त्या चार महिन्यांत कोणाचे काही बिघडले नसेलही, परंतु मी सुरक्षित आहे असे समजून वागत होतो आणि ते खरे नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे की संरक्षणाची सेवा मुख्य योजनेवर वरकड म्हणून देणाऱ्या कंपनीवर तेवढ्या बाबतीत विश्वास ठेवू नये, मग ती कंपनी कितीही मोठी असो.

कृषीकेंद्रवाला (पुसद, जि. यवतमाळ)

दादा, झटका मशीनचे उदाहरण चांगले आहे, परंतु तुम्ही त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. बॅटरी उतरल्याचे तुम्हाला कोणी कळवले नव्हते. गूगलने मात्र दोन महिने आधी पत्र पाठवले होते. ते पत्र कोणी वाचले नसेल तर तो दोष कंपनीच्या माथी कसा मारता येईल?

मी बियाणे विकतो. दर दोन-तीन हंगामांनी कापसाचे एखादे वाण बाजारातून नाहीसे होते. शेतकरी दुकानात येऊन तेच पाकीट मागतो, मी नाही म्हणतो, तो दहा मिनिटे चडफडतो आणि शेवटी दुसरे घेऊन जातो. ज्या वाणाला उठाव नाही ते कंपनीने केवळ जुन्या गिऱ्हाइकांच्या प्रेमाखातर चालू ठेवावे, असे आम्ही कधी म्हणत नाही. शिवाय व्हीपीएनमध्ये ग्राहकाचे काही साठवलेले नसते. २०१३ मध्ये बातम्या आणि ब्लॉग एका जागी वाचायचे गूगल रीडर बंद झाले तेव्हा लोकांच्या वाचनाच्या याद्या विस्कटल्या होत्या. इथे दुसऱ्या कंपनीचे व्हीपीएन घ्यायला पंधरा मिनिटे पुरतात. आणि हीच कंपनी स्टेडिया ही खेळांची सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद करताना लोकांनी त्यांच्या दुकानातून घेतलेल्या खेळांचे पैसे परत करून मोकळी झाली, हेही जमेस धरावे.

धुऱ्यावरून

स्टेडियाचे उदाहरण तुम्हीच काढलेत हे बरे झाले. तिथे पैसे परत केले, कारण खेळ वेगळे विकत घेतलेले होते आणि त्यांची पावती होती. व्हीपीएन योजनेच्या पोटात होते. ते काढून घेतले तरी योजनेचा दर उतरला नाही. आणि वाण बदलले तर ते शेतकऱ्याला पेरणीआधी, तुमच्या काउंटरवरच कळते.

सेतूचालक (चिखली तालुका, जि. बुलढाणा)

माझे नागरी सुविधा केंद्र बाजाराच्या गावात आहे, म्हणून मी हा प्रश्न जरा खालून पाहतो. गूगलने काय बंद केले यापेक्षा, त्याच्या जागी लोक काय बसवतात याची मला अधिक काळजी वाटते.

आमच्या भागातील पोरांनी व्हीपीएन हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा. त्यानंतर तो फोनमध्ये राहिला तो राहिलाच. मागच्या आठवड्यात एक काका पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी आले होते. ओटीपी येईना म्हणून मी त्यांचा फोन हातात घेतला, तर तो तव्यासारखा तापलेला होता. वरच्या पट्टीत किल्लीचे चिन्ह होते. नातवाने टाकलेले कुठलेसे फुकट व्हीपीएन दिवसरात्र चालू होते आणि दर दोन मिनिटांनी पडदाभर जाहिरात येत होती. काकांचे बँकेचे ॲप, आधार, सारे त्याच फोनवर होते. “हे काय आहे?” असे विचारले तर म्हणाले, “नेट सुसाट चालते म्हणे त्यानं.”

फुकट व्हीपीएन चालवणारा पोट कशावर भरतो, याचे एक उत्तर जगजाहीर आहे. फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो ही कंपनी विकत घेतली आणि तिचे व्हीपीएन ‘प्रोटेक्ट’ या नावाने लोकांच्या फोनमध्ये घातले. लोक कोणती ॲप किती वेळ वापरतात हे त्यातून फेसबुकला समजत होते. व्हॉट्सॲप किती झपाट्याने वाढते आहे याचे त्यातून मिळालेले आकडे ब्रिटिश संसदेच्या समितीने २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांत आहेत. २०१९ मध्ये ते व्हीपीएन बंद झाले. ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२३ मध्ये मेटाच्या (फेसबुकच्या मालक कंपनीच्या) दोन उपकंपन्यांना याच प्रकरणी दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तेव्हा मोठ्या कंपनीने व्हीपीएन बंद केले म्हणून विश्वास गेला, असे सरसकट कसे म्हणता येईल? ओनाव्होच्या बाबतीत ते चालू असणे हाच विश्वासघात होता.

बेंबळाकाठ (बाभुळगाव तालुका, जि. यवतमाळ)

मी काही वर्षे नागपुरात नेटवर्कचे काम केले, आता गावी आहे. दोन्ही बाजूंचे पटत नाही.

पहिली गोष्ट, ओनाव्हो आणि गूगलचे व्हीपीएन एका पंक्तीला बसवू नयेत. गूगलच्या रचनेत ग्राहकाची ओळख तपासणारी यंत्रणा आणि त्याची रहदारी वाहून नेणारी यंत्रणा वेगळ्या ठेवलेल्या होत्या, आणि त्या दोहोंच्या मधे ‘ब्लाइंड सिग्नेचर’ची पद्धत होती. सही करणाराला कागदावरील मजकूर दिसत नाही, पण सही खरी आहे हे पुढच्याला पडताळता येते, असा तो प्रकार आहे. ॲपमधील कोड त्यांनी खुला केला होता आणि एनसीसी ग्रुप या बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेतली होती. इतकी मेहनत घेतलेली सेवा लोकांनी का वापरली नाही? कारण तिच्यात देश निवडता येत नव्हता. बहुतेकांना व्हीपीएन हवे असते ते दुसऱ्या देशातले सामने आणि मालिका पाहण्यासाठी. गोपनीयता हे सभेत सांगायचे कारण झाले. लोकांनी वापरले नाही हे कंपनीचे विधान मला म्हणूनच खरे वाटते, आणि धुऱ्यावरून यांना ते खोटे वाटत असेल तर त्यांनी तसे स्पष्ट म्हणावे.

दुसरी गोष्ट कुंपणाची. दहा-बारा वर्षांपूर्वी उघड्या वाय-फायवर तुमचा पासवर्ड शेजारी बसलेला माणूस वाचू शकत होता, कारण बरीच संकेतस्थळे साध्या एचटीटीपीवर होती. आज बँक, मेल, सरकारी पोर्टल, सारे एचटीटीपीएसवर आहे, म्हणजे मजकूर फोनमधूनच कुलूप लावून निघतो. तुरीभोवती पक्की भिंत बांधली गेल्यानंतर झटका मशीन काढले, तर आठ ओळी लोळणार नाहीत. ज्या रानडुकराची भीती दाखवून निम्मी व्हीपीएन विकली जातात, ते त्या शिवारात आता फारसे फिरकत नाही.

मोर्शीकर (मोर्शी, जि. अमरावती)

चर्चेतून एक गोष्ट सुटते आहे. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून गूगलने रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीसोबत रेल्वे स्थानकांवर मोफत वाय-फाय सुरू केले होते. माझ्या पदविकेच्या काळात मी नागपूर स्थानकावर तास-तास बसून अर्ज भरले आहेत, फलाटाचे तिकीट काढून, कारण आमच्या गावात तेव्हा नेटचा पत्ता नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने या कामातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. मोबाइल डेटा स्वस्त झाला, आता गरज उरली नाही, असे त्यांचे कारण होते. तरी स्थानकावरचे वाय-फाय बंद पडले नाही, कारण जमिनीतली फायबर रेलटेलची होती आणि रेलटेलने ते पुढे चालवले. गूगल गेले, सेवा राहिली. त्यामुळे मोठी कंपनी निघून गेली की सारे बुडते, हे काही खरे नाही.

धुऱ्यावरून

मोर्शीकर, तुमचे उदाहरण मी माझ्या बाजूने घेतो. फायबर दुसऱ्याची होती म्हणून सेवा वाचली. व्हीपीएनमध्ये वाट, फाटक आणि किल्ली एकाच मालकाची होती. तो उठून गेल्यावर मागे चालवायला कोणी नव्हते.

बेंबळाकाठ भाऊ, लोक वापरत नव्हते हे मला खोटे वाटत नाही. माझी हरकत अशी आहे की संरक्षणाच्या गोष्टीला वापराच्या मोजमापाने मोजू नये. विहिरीचा कठडा किती जणांनी वापरला, हे कोणी मोजत नाही. तुमची भिंत मान्य; तरी एचटीटीपीएस असतानाही तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात, ते नाव बहुतेक वेळा सिमकार्ड देणाऱ्या कंपनीला दिसते. घरातले बोलणे बाहेर येत नाही, पण आपण कोणाच्या दारात उभे आहोत हे रस्त्यावरून दिसते. सावकाराच्या दारात उभे राहिलेले गावाने पाहू नये असे ज्याला वाटते, त्याला त्यातला फरक समजेल. कर्जाच्या ॲपचे, एखाद्या आजाराच्या दवाखान्याचे, वकिलाचे दार यात येते.

आणि कृषीकेंद्रवाले म्हणतात तसे दुसरे व्हीपीएन पंधरा मिनिटांत घ्यायचे, तर कोणाचे? २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने निर्देश काढले की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांचे नाव, पत्ता, आयपी (इंटरनेटवरील पत्त्याचा आकडा) इत्यादी नोंदी पाच वर्षे जपून ठेवाव्यात. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील सर्व्हर काढून नेले. त्या निर्देशांमागे गुन्ह्याच्या तपासाचे कारण आहे आणि ते मी क्षुल्लक मानत नाही. परंतु ‘दुसरे घ्या’ हे सांगणे दिसते तितके सोपे उरलेले नाही.

हा प्रकार गूगलपुरताही नाही. मायक्रोसॉफ्टने ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ या सशुल्क योजनेच्या घरगुती ग्राहकांना डिफेंडर या सुरक्षेच्या ॲपमध्ये दिलेले व्हीपीएन २८ फेब्रुवारी २०२५ रोजी काढून घेतले, तेही वापर पाहूनच, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकेत योजनेचा दर महिन्याला तीन डॉलरने वाढवला होता. दर वाढवताना कोपायलट या त्यांच्या एआय मदतनीसाचे कौतुक झाले. म्हणजे जे मागितले नव्हते ते आत आले, जे होते ते बाहेर गेले आणि पाकिटावरील किंमत चढली. कृषीकेंद्रवाले, तुमच्या दुकानात बियाण्यासोबत नको असलेले टॉनिक माथी मारण्याला शेतकरी काय म्हणतात, ते इथे लिहीत नाही.

कृषीकेंद्रवाला

त्याला लिंकिंग म्हणतात, ते बेकायदेशीर आहे आणि मी करत नाही, एवढे नोंदवून ठेवतो. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत तुमची बाजू बळकट आहे, हे मान्य. गूगलच्या बाबतीत मी माझ्या म्हणण्यावर कायम आहे: पत्र आले होते, तारीख सांगितली होती. गूगलच्याच पिक्सेल ७ आणि पुढच्या फोनमध्ये त्यांचे स्वतःचे व्हीपीएन नंतरही चालू राहिले, म्हणजे फोन घेणाऱ्यासाठी ती वाट त्यांनी राखली.

बेंबळाकाठ

म्हणजेच कुंपण हवे असेल तर शेतही त्यांच्याकडूनच घ्या! ही गोष्ट तुम्ही कंपनीच्या बाजूने सांगितलीत की विरुद्ध, हे मला नीट कळले नाही.

सेतूचालक

हा वाद वाचल्यावर आज दुपारी गर्दी ओसरली तेव्हा एक प्रयोग केला. केंद्रात आलेल्या ज्या ज्या फोनवर किल्लीचे चिन्ह दिसले, त्यावर आयपी दाखवणारे पान एकदा व्हीपीएन चालू ठेवून आणि एकदा बंद करून उघडले. नऊ फोन होते. सात जणांचा आयपी बदलला, म्हणजे वाट खरी होती, फक्त ती कोणाच्या आवारातून जाते हे त्यांना ठाऊक नव्हते. दोघांचा बदललाच नाही. किल्ली होती आणि आत काही नव्हते. त्यातला एक फोन ग्रामपंचायतीत संगणकावर बसणाऱ्या मुलाचा होता, आणि तो मला गेले वर्षभर सांगत होता की त्याच्या फोनमध्ये कोणी डोकावू शकत नाही.

धुऱ्यावरून दादा, बुधवारी आमचा बाजार असतो. जमले तर या, दोघे मिळून आणखी वीस-पंचवीस फोन पाहू. त्या दोन फोनमधली ॲप कोणाची होती ते तोवर शोधून ठेवतो.