मदत हवी आहे: हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत जागच्या जागी बकेट सॉर्ट, मेमरी काही आटोक्यात येईना

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन आठवडे एकाच प्रोग्रॅमवर अडलोय.

५० लाख पिनकोड चढत्या क्रमाने लावायचे आहेत. चाचणीपुरते मीच रँडम तयार केलेत. विषय घरातच सापडला. बाबा आर.एम.एस.मध्ये (रेल्वे टपाल सेवेत) टपालाची छाटणी करायचे. पिनचा पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे कवी, हेही बाबांकडूनच कळलं. आमच्या ४५२००१ चं पत्र आधी ४ च्या खणात, मग त्यातल्या ५ च्या, मग २ च्या. हाच तर बकेट सॉर्ट!

आधी लिस्ट वापरून लिहिला. दहा ओळींत झाला, वाचायलाही सुरेख. पण लिस्टमधल्या एका पूर्णांकाला ६४ बिट मशीनवर ४० बाइट लागतात, म्हणजे नुसता डेटाच २०० एमबी. वर प्रत्येक आकड्याला नव्या लिस्ट. माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपला ते झेपत नाही.

म्हणून अमेरिकन फ्लॅग सॉर्टकडे वळलो (मॅकिलरॉय, बॉस्टिक, मॅकिलरॉय, १९९३). कुठल्या खणात किती पत्रं ते आधी मोजायचं, त्यावरून प्रत्येक खणाची सुरुवात ठरवायची, मग अदलाबदल करत प्रत्येक पत्र आपल्या खणात. दुसरं टेबल लागत नाही. हे एसटी मोनॅडमध्ये (हॅस्केलमधली, डेटा जागच्या जागी बदलू देणारी बंदिस्त सोय) लिहिलं. अडचणी अशा:

१. मेमरी लिस्टइतकीच खातो. मोजणीचा ॲरे (क्रमांकित जागांचं टेबल) एसटीॲरे, म्हणजे बदलता येणारा, आहे. प्रत्येक खणासाठी सॉर्ट फंक्शन पुन्हा बोलावतो, ते ॲरे घेतं आणि ॲरे देतं. आत शिरताना थॉ (न बदलणाऱ्या ॲरेचा बदलता करणं), बाहेर पडताना फ्रीज (त्याच्या उलट).

२. दहा-बारा पिनवर उत्तर कधी बरोबर येतं, कधी एखादा पिन भलत्याच खणात राहतो. अदलाबदल फॉरएम (ओळीने एकेका जागेवर जाणारा लूप) वापरून केली आहे, खणाच्या पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत.

३. असं ॲरेत खोडून लिहायचं तर ते फंक्शनल (मूल्यं न बदलता लिहिलेलं) राहिलं का? हे मला खरंच सतावतंय.

व्हेक्टर-अल्गोरिदम्स पॅकेजमध्ये हा सॉर्ट तयार आहे, पाहिलाय. पण मला स्वतः लिहून समजून घ्यायचंय.

प्रतिसाद

आधी दुसरी अडचण, कारण तिचं उत्तर तुझ्या बाबांना विचारलं असतंस तरी मिळालं असतं. चुकीचं पत्र उचलून त्याच्या खणात ठेवलंस, तिथलं हातात आलेलं पत्र या जागेवर ठेवलंस. ते या खणाचं आहे की नाही, हे न बघताच तुझा फॉरएम पुढच्या जागेवर जातो. योग्य पत्र येईपर्यंत त्याच जागेवर थांबायला हवं. फॉरएम काढ, जागेचा क्रमांक घेणारं छोटं रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं) फंक्शन लिही: आलेलं पत्र याच खणाचं असेल तर पुढचा क्रमांक देऊन बोलव, नाहीतर अदलाबदल करून तोच क्रमांक देऊन.

मेमरीचं मूळ थॉ आणि फ्रीज. दोन्ही अख्ख्या ॲरेची नक्कल करतात. तू प्रत्येक खणात शिरताना नक्कल काढतोयस, मग जागच्या जागी राहिलं काय? सगळ्या सॉर्टभोवती एकदाच रनएसटीयूॲरे. आतल्या रिकर्शनला ॲरे द्यायचा नाही, फक्त ‘इथपासून इथपर्यंत’ हे दोन क्रमांक आणि कितवा आकडा बघायचा ते. रनएसटीयूॲरे शेवटी नक्कल न करता ॲरे गोठवतो. मोजणीचा एसटीॲरे बदलून एसटीयूॲरे (थेट संख्याच साठवणारा) कर. आत्ता तिथे संख्या नाही, ‘आधीचा अधिक एक’ अशा न सोडवलेल्या बेरजांची साखळी साठतेय.

तिसऱ्याचं उत्तर लाँचबरी आणि पेटन जोन्स यांनी १९९४ मध्येच दिलंय. रनएसटीच्या (एसटीतलं काम चालवून फक्त उत्तर बाहेर देणाऱ्या फंक्शनच्या) टाइपमधला एस आतला बदलता ॲरे बाहेर निसटू देत नाही, कंपायलरच अडवतो. बाहेरून बघणाऱ्याला त्याच इनपुटला तेच उत्तर. निश्चिंतपणे लिही.

आणखी एक. हा सॉर्ट स्टेबल (सारख्या पिनांचा मूळ क्रम राखणारा) नाही. उद्या पिनबरोबर पत्राचा अनुक्रमांकही ठेवायचा झाला, तर पिनला १ कोटीने गुणून त्यात अनुक्रमांक मिळव. १३ आकडी संख्या ६४ बिटांत आरामात बसते. मात्र मग सॉर्ट तेराही आकड्यांवर चालव.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. फॉरएम काढला आणि उत्तर बरोबर आलं. १००० रँडम यादींवर हॅस्केलच्या तयार डेटा.लिस्टमधल्या सॉर्टशी ताडून पाहिलं, एकही फरक नाही. थॉ-फ्रीज काढल्यावर ५० लाखांना मुख्य ॲरेचे ४० एमबी आणि वर किरकोळ. वीसपेक्षा कमी पत्रांच्या खणाला आता इन्सर्शन सॉर्ट (एकेक पत्र आधी लावलेल्यांत योग्य जागी सरकवायचं) लावतोय, त्याने वेळही घटला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, चार पत्रांसाठी आम्हीही खण मांडत नव्हतो, हातातच लावायचो.